बलंट साहेबाचं ग्रहण

वाशीम, ता. २१ फेब्रुवारी १९१६

शालिकराम भाऊजींस गोजराबाईचं सांगणं.

पत्राच्या वरती आशीर्वाद लिहितात, तो आज लिहीत नाही. आधी बोलायचं ते बोलते. बोलून झाल्यावर उरला तर पाहू.

पौषात तुम्हाला माझ्या रामीचं लग्न ठरल्याचं कार्ड आलं असेल. ते गोविंदसिंग मास्तरांच्या हातचं होतं, कारण माझं अक्षर तुम्हाला दाखवायची मला लाज वाटत होती. आज वाटत नाही. हे अक्षर माझं आहे.

काल दुपारी आसेगावचे रंगराव, आपले होणारे व्याही, आले. ओसरीत बसले, पण पाण्याच्या तांब्याला हात लावला नाही. त्यांनी कोटाच्या खिशातून तुमच्या सुधारक मंडळाचं मासिक काढून माझ्यापुढं ठेवलं.

"बाई, हे तुमच्या दिरानं लिवलं का?"

"नाव तं त्यायचंच हाये," मी म्हटलं.

"आमच्या मास्तरनं मले दोनदा वाचून दाखोलं. मी म्हटलं, एकडाव अजून वाच. तीनदा वाचलं तरी तेच निंगते. तुमी गिराणात बाहेर होत्या. हाती इळा होता."

"म्या तुमाले तुळशीवर हात ठेवून सांगतलं ना, मी बाहेर आली नाई म्हून?"

"म्हून तं आलो. तुमी तुळशीवर खोटं सांगतलं, का तुमच्या दिरानं छापून खोटं सांगतलं? दोघातलं एक तं खोटं हाये ना, माय. अन् खोटं कोणी छापीन कायले?"

मी तो लेख त्यांच्यासमोर वाचला, मोठ्यानं. मला वाचता येतं हे पाहून ते जरा सरकून बसले. तुम्ही लिहिलं आहे: "अठरा वर्षांपूर्वी खग्रास सूर्यग्रहणाचा वेध घेण्यास ज्योतिर्विद ब्लंट साहेब विलायतेहून आले व वाशीम येथे आमच्या मळ्यात त्यांनी तळ दिला. त्या दिवशी दुर्बिणीपासून वीस हातांवर माझी वहिनी, पाच महिन्यांची गरोदर असता, हाती विळा घेऊन कांद्याची पात कापीत होती व निर्भयपणे ग्रहण पाहत होती. तिला झालेली कन्या आज सुदृढ व निर्दोष आहे."

भाऊजी, कोणाची वहिनी ही? कोणाची कन्या?

रामीचा वरचा ओठ जन्मतःच नाकापर्यंत फाटलेला आहे. मासिक वाचणाऱ्या अकोल्याच्या लोकांना ते ठाऊक नसेल, तुम्हाला आहे. रंगरावांनी ओठ पाहून पोर पसंत केली होती. "ओठाचं काय घेऊन बसल्या, हात पाहा पोरीचे," म्हणाले होते. एवढंच विचारलं होतं, की पोटात असताना ग्रहण पाळलं होतं ना. पाळून झालं असेल तर देवाची मर्जी. मोडून झालं असेल तर ते नातवंडांवर उतरतं, असं त्यांच्या घरात मानतात. मी शपथ घेतली. आता तुमच्या लेखानं मी खोट्या शपथेची ठरले.

रंगराव अक्षयतृतीयेपर्यंत थांबतो म्हणाले. नंतर आपल्या पोरासाठी, भगवंतासाठी, धनजची पोर पाहणार. तेव्हा पुढच्या अंकात छापा, की हे लिहिलेलं खोटं आहे. तुमच्या नावानं छापा.

आशीर्वाद उरला नाही.

गोजराबाई


अकोला, ता. २ मार्च १९१६

तीर्थस्वरूप वहिनींच्या चरणी शालिकरामचा नमस्कार.

पत्र पोचले. वाचून खेद झाला. आधी एक विचारतो, राग मानू नये: हे पत्र कोणी लिहून दिले? भाषा तुमची वाटत नाही. गावातील कोणी आपल्या घरात कलह लावू पाहत असेल तर सावध राहावे.

आता लेखाविषयी. वहिनी, लेख म्हणजे साक्षीपुरावा नव्हे. अज्ञान घालवण्यासाठी उदाहरण ठळक करावे लागते. आजही आपल्या बायका ग्रहणात कोंडून ठेवल्या जातात. त्यांना धीर यावा म्हणून मी तुमचे चित्र रंगवले. तुम्हाला त्यात शूर दाखवले आहे, हे तुमच्या ध्यानात कसे आले नाही? मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, अशी वहिनी घरोघर असावी.

रामीच्या ओठाचा उल्लेख केला असता तर अडाणी लोकांनी उलटाच अर्थ काढला असता. म्हणून गाळला. त्यात तिचा अपमान करण्याचा हेतू नव्हता.

ब्लंट साहेबांविषयी लिहिण्याचा हेतू तुम्हाला कळावा. इंग्रजीत त्यांच्या आडनावाचा रोजच्या बोलण्यातला अर्थ आहे, जे असेल ते तोंडावर सांगणारा. तसेच ते होते. मी आज जो काही आहे तो त्यांच्या तळावरच्या त्या तीन आठवड्यांमुळे. ते वारल्याचे मध्यंतरी वर्तमानपत्रात वाचले आणि हात आपोआप लेखणीकडे गेला. अशा पुरुषाच्या स्मरणाचा लेख खोटा म्हणून मागे घेणे मला शोभणार नाही.

रंगरावांसारख्या माणसाला समजावता येईल. मी त्यांना एक पत्र घालतो. आईला नमस्कार.

शालिकराम


वाशीम, ता. ९ मार्च १९१६

शालिकराम,

तुम्ही-आम्ही पुरे. तू नऊ वर्षांचा होतास तेव्हा मी या घरात आले. तुझ्या डोक्यातल्या उवा मी काढल्या आहेत.

पत्र कोणी लिहून दिलं विचारतोस. तू शाळेत वापरून टाकलेली पुस्तकं कणगीमागं पडली होती. रामी झाल्यावर बारशाला कोणी आलं नाही, मळ्यात भाजी घ्यायला येणाऱ्या बायाही रस्त्यावरूनच हाका मारू लागल्या. मांडीवर पोर आणि बोलायला कोणी नाही. तेव्हा ती पुस्तकं काढली. तुझे दादा मला अक्षर सांगत, मी चुलीच्या कोळशानं जमिनीवर काढी. पुढं बाजारातून पुडीला आलेला कागदसुद्धा मी वाचल्याशिवाय टाकला नाही. तर हे माझंच पत्र आहे, आणि भाषाही माझीच आहे.

साहेबाच्या नावाचा तुमच्या अकोल्यात काय अर्थ होतो ते तू सांगितलंस. वाशीमच्या गल्लीतला मी सांगते. इथं त्याचा अर्थ फाटक्या ओठाची पोर असा आहे. साहेबाच्या ग्रहणात बिघडली म्हणून रामीला लोक बलंटी म्हणतात. लहान होती तेव्हा पोरं मागं लागून ओरडत, "बलंटी, पाणी पिऊन दाखव." आता मोठी झाली तर बाया ओरडत नाहीत, आपसात म्हणतात. माझ्या पोरीचं नाव रामी आहे हे अर्ध्या गावाला ठाऊक नाही. मेलेल्या साहेबाचा मान राखायला तुला लेखणी सुचली. पोरीचा राखायला काय सुचलं? तिला गाळलीस.

आता त्या दिवसाचं ऐक. ऐकायला तुला नवं काही नाही, पण तू विसरलास असं दिसतं.

पौषातली अमावस्या. साहेबाच्या काचांवर धूळ बसू नये म्हणून तुझ्या दादांनी पहाटेपासून मोट धरली होती आणि सगळी मोकळी जागा भिजवत होते. मला सकाळीच धान्याच्या खोलीत बसवलं. सासूबाईंनी बाहेरून कडी लावली. कापायचं नाही, शिवायचं नाही, खाजवायचं नाही, बोट मुडपायचं नाही, कूस बदलायची नाही. विळ्याची गोष्ट करतोस? घरातले सगळे विळे सासूबाईंनी आदल्या दिवशीच शेजारी नेऊन ठेवले होते. मी चार तास दोन्ही तळहात उघडे ठेवून बसले. पाय बधिर झाले. पोर पोटात लाथा मारत होती, तरी मी हात फिरवला नाही.

मग बाहेर मोट थांबली. चिमण्या थांबल्या. एकदम लोकांचा गलका झाला. आणि कडी निघाली. दारात तू होतास.

"वैनी, चाल, लवकर चाल! पुन्हा जन्मात दिसत नाई हे."

मी म्हटलं, "लाव दार, मेल्या." आणि भिंतीकडं तोंड केलं. तू दार उघडं टाकून पळालास. भिंतीवर राखेसारखा उजेड आला होता, तेवढाच मी पाहिला. तोही डोळे मिटून घेण्याआधी.

ग्रहण सुटलं. सासूबाई आल्या तर दार उघडं. "दार कोनं उघडलं?" मी गप्प. तुझे वडील तेव्हा जिवंत होते. साहेबाच्या तंबूकडं पुन्हा गेलास तर शाळा बंद, असं त्यांनी तुला बजावलं होतं आणि त्यांचा शब्द कसा होता ते तुला माहीत आहे. तू शिकावास म्हणून मी गप्प बसले. मला वाटलं, दोन दिवस बोलतील आणि सोडून देतील. चार महिन्यांनी रामी झाली, तिचा ओठ सगळ्यांनी पाहिला, आणि माझं गप्प बसणं हाच पुरावा झाला.

तुझ्या दादांनी कधी विचारलं नाही. त्यानंतर सोळा वर्षं एका ताटात जेवलो, विचारलं नाही. दोन वर्षांमागं तापात गेले, त्याच्या आदल्या दिवशी माझं मनगट धरून म्हणाले, "गोजरे, एक सांग. तू आल्ती का बाहेर?" मी म्हटलं, "नाई." त्यांनी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की असू दे म्हणून, ते मला कळलं नाही, आणि आता कोणाला विचारू? शालिकराम, तेव्हासुद्धा मी तुझं नाव घेतलं नाही. मरणाऱ्या माणसाला धाकट्या भावाचं काय सांगायचं, म्हणून नाही घेतलं.

आणि तू माझ्या हातात विळा दिलास. शूर दाखवलं म्हणतोस.

छाप. पुढच्या अंकात.

गोजराबाई


अकोला, ता. २१ मार्च १९१६

वहिनींस नमस्कार.

मी शिकवतो त्या शाळेतील परीक्षांमुळे उत्तरास उशीर झाला. बालपणीचे सर्व प्रसंग मला नीट आठवत नाहीत. दार मी उघडले असेलही. त्या गडबडीत कोणी काय केले हे आज कोण सांगणार?

तो लेख आता पुस्तिका म्हणून निघतो आहे, आणि चैत्रात अमरावतीच्या सभेत तो मी स्वतः वाचणार आहे. अशा वेळी दुरुस्ती छापली तर विरोधक म्हणतील, सुधारक खोटे बोलतात, म्हणजे ग्रहण पाळणेच खरे. एका घराच्या दुःखापायी हजार घरांचे नुकसान करावे काय? तुम्हीच विचार करा.

रामीची काळजी मलाही आहे. आमच्या मंडळात एक सभासद आहेत, वय बेचाळीस, पहिली पत्नी वारली, विचाराने पुढारलेले. ओठाला ते हरकत घेणार नाहीत. कळवावे.

शालिकराम


वाशीम, ता. २९ मार्च १९१६

शालिकराम,

तुझा बेचाळीस वर्षांचा पुढारलेला तुझ्यापाशीच ठेव. रामीला मी त्याचं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "काकाले म्हणा, तुमच्याच घरी देवपूजेले ठेवा त्याले." तिला भगवंत हवा आहे. दोघांनी एकमेकांना आसेगावच्या बाजारात पाहिलं आहे, तिनं त्याच्याशी वांग्याच्या भावावरून भांडणही केलं आहे. त्या दिवसापासून ती बाजारात जाताना पदर तोंडावर ओढत नाही. मला एवढं पुरे होतं.

"कोणी काय केले हे आज कोण सांगणार," असं लिहिलंस. म्हणून मी विचारायला गेले. सासूबाई बाजेवर पडल्या होत्या. मी म्हटलं, "तुमी अठरा सालं मले बोल्ल्या. मी बाहेर आली हे तुमी डोयानं पाह्यलं व्हतं का?"

"म्या कायले पाहू? मी तं देवापाशी बसली व्हती."

"मंग कशावरून म्हन्ता?"

"शालिकनं सांगतलं. दार काहून उघडं म्हून म्या त्याले इचारलं. तो म्हने, वैनी आल्ती बाहेर पाह्याले."

मी चुलीपाशी येऊन बसले. भाकर तव्यावर जळाली तरी उठले नाही. इतकी वर्षं मला वाटत होतं, की उघडं दार पाहून त्यांनी आपल्या मनानंच अर्थ काढला. तू गप्प राहिलास, एवढाच तुझा गुन्हा मी धरला होता, आणि पंधरा वर्षांचं पोर घाबरणारच म्हणून तोही माफ केला होता. तू गप्प नव्हतास. तू नाव घेतलं होतंस. मी ज्याचं नाव झाकत बसले तो आधीच माझं सांगून मोकळा झाला होता.

हजार घरांची गोष्ट करतोस, तर मलाही थोडं कळतं ते ऐक. तुला लोकांना सांगायचं आहे ना, की ग्रहणानं गर्भाला काही होत नाही? मग खऱ्या गोष्टीइतका पुरावा तुला कुठं मिळणार होता? एक बाई चार तास हललीसुद्धा नाही, विळा घरात नव्हता, कडी बाहेरून होती, सगळं पाळलं. तरी पोरीचा ओठ फाटलेला. म्हणजे पाळून वाचत नाही आणि मोडून बिघडत नाही. हे मला, चुलीवर शिकलेल्या बाईला, सुचतं. तुला दुर्बिणीतून पाहिलेल्याला सुचलं नाही, कारण खरं सांगायचं तर दार कोणी उघडलं तेही सांगावं लागलं असतं. अज्ञानाशी लढतो म्हणतोस. तू आपल्या लाजेला झाकण शोधत होतास आणि त्याला ज्ञानाचं नाव दिलंस.

आता शेवटचं. दुरुस्ती छापली नाहीस तर मी अमरावतीच्या सभेला येईन. लखीरामच्या गाडीचं बोलून ठेवलं आहे. रामीला घेऊन पुढच्या रांगेत बसेन. तू "सुदृढ व निर्दोष कन्या" हे वाचशील तेव्हा ती उभी राहील आणि पदर मागं घेईल. मी तिला विचारलं, जमेल का. म्हणाली, "मी येतो. लाज काकाले वाटीन, मले कायची?"

गोजराबाई


अकोला, ता. ८ एप्रिल १९१६

वहिनी,

सभेला येऊ नका. हात जोडतो.

मी छापतो. मजकूर सोबत देतो: "मागील एका अंकातील लेखात अनवधानाने एक विधान राहून गेले. लेखकाच्या वहिनी ग्रहणसमयी घराबाहेर होत्या की आत, याविषयी कुटुंबात मतभेद आहे. लेखाच्या तात्पर्यास त्यामुळे बाध येत नाही." याने रंगरावांचे समाधान होईल असे वाटते. संपादक याहून जास्त जागा देणार नाहीत. लढाईमुळे कागद महाग आहे.

आईला मी ते सांगितले होते हे मला आठवत नव्हते, असे लिहिणार होतो. लिहून खोडले. आठवत होते.

शालिकराम


वाशीम, ता. १३ एप्रिल १९१६

शालिकराम,

तुझा मजकूर परत पाठवते. त्यावर काट मारली आहे. कुटुंबात मतभेद नाही. कुटुंबात एक खोटं आहे आणि ते तुझं आहे. कागद महाग आहे म्हणतोस, तर थोडक्यात लिहून देते. असंच छाप, शब्द हलवू नकोस:

"माझी वहिनी गोजराबाई ग्रहणात बाहेर आली नव्हती. तिच्या हातात विळा नव्हता. तिनं सर्व पाळलं होतं. दार मी उघडलं आणि तिचं नाव मी सांगितलं. तिच्या मुलीचा ओठ जन्मतः फाटलेला आहे, हे मी लपवलं. शालिकराम."

आणि दुसरं. छापलेलं अकोल्याच्या लोकांना आणि आसेगावच्या मास्तराला. तुझ्या आईला वाचता येत नाही. तिला तू इथं येऊन तोंडानं सांगायचं. मी वाचून दाखवणार नाही.

गोजराबाई


अकोला, ता. २७ एप्रिल १९१६

वहिनींस नमस्कार.

अंक सोबत आहे. पान अकरा. जसे लिहून दिले तसेच छापले आहे, एक कानामात्रा बदललेली नाही. पुस्तिका थांबवली. अमरावतीला मी गेलो नाही. मंडळाचे चिटणीसपद दुसऱ्यास दिले. संपादक मला म्हणाले, "शालिकराम, हे तुम्ही लिहिलेले वाटत नाही. हे कोणी लिहून दिले?" मी सांगितले, वहिनीने.

लग्न जमले तर मी यावे का? येऊ नको म्हणालात तर येणार नाही. पण आईला सांगायला तरी यावे लागेल.

शालिकराम


वाशीम, ता. १९ मे १९१६

शालिकराम,

लग्नाच्या गर्दीत तुझ्याशी बोलणं झालं नाही, आणि तू जाताना मी मुद्दाम मागच्या अंगणात होते. म्हणून आता लिहिते.

रंगराव अंक पोचला त्याच दिवशी आले होते. या वेळी पाणी प्याले. "चारदा वाचून घेतलं मास्तरकडून," म्हणाले. "आता कसं, छापूनच आलं. माह्या मनात काई नाई राह्यलं." मी म्हटलं, "तुमच्या मनात राह्यलं नसन, माह्या राह्यलं. तुळशी खोटी व्हती अन् शाई खरी, हे तुमीच ठरोलं ना?" ते पागोटं चाचपत बसले. रामी आतून खुणा करत होती, माय आता पुरे कर. तिच्यासाठी पुरे केलं. अक्षयतृतीयेनंतर चौथ्या दिवशी पोर दिली. मांडवात भगवंतानं तिला रामी म्हणून हाक मारली, तेव्हा आसेगावकडच्या कोणालाही दुसरं नाव माहीत नव्हतं. हे चांगलं झालं, ते मी नाकारत नाही.

तू आलास, तेही मी पाहिलं. तू सासूबाईंच्या बाजेशी जमिनीवर बसलास आणि सांगितलंस. दाराआड उभी राहून मी ऐकलं. नीट सांगितलंस, काही राखलं नाहीस. त्या रडल्या, तुझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या. तू उठलास तेव्हा तुझं तोंड उतरलेलं नव्हतं, धुतल्यासारखं झालं होतं. गाडीत बसताना हसलासही. तुला वाटलं, मिटलं.

परवा दुपारी मी त्यांचे पाय चेपत होते. पोर सासरी गेलेली, घर सुनं. मी आपणहून म्हटलं, "ऐकलं ना आता पोराच्या तोंडून? मी बाहेर आल्ती नाई."

त्या भिंतीकडं पाहत म्हणाल्या, "मले ठाऊक व्हतं."

मी विचारलं, "कधीपासून?"

"त्याच दिवशी. देवघराच्या झरोक्यातून म्या त्याले कडी काढताना पाह्यलं. अन् पयताना पाह्यलं. तू काई निंगाली नाई."

"मंग मले काहून बोल्ल्या जनमभर?"

"पोरगं शिकून राह्यलं व्हतं, गोजरे. त्याच्या बापाले समजलं असतं तं त्यानं शाळा तोडली असती. सुनेच्या अंगावर गेलं तं जाऊ दे म्हटलं. रामी तशी होईन, हे मले का ठाऊक? अन् झाली, मंग बदलता येते का? लोकायले काय सांगू, मी खोटं बोल्ली म्हून?"

मी विचारलं, की तुमच्या मोठ्या लेकाला तरी सांगितलं होतं का. त्यांनी डोकं हलवलं. नाही सांगितलं. मरणाच्या आदल्या दिवशी तुझ्या दादांनी माझं मनगट धरून विचारलं, तेव्हा ही बाई त्याच खोलीत उशाशी बसली होती. ऐकत होती.

ज्या कारणासाठी मी गप्प बसले, त्याच कारणासाठी त्या बोलत राहिल्या. तुझी शाळा. एका घरातल्या दोन बायांनी तुझी शाळा वाचवली आणि तिची फी रामीनं भरली. तू ती शाळा शिकून लेख लिहिलास.

हे तुला सांगू नये असं दोन दिवस वाटलं. म्हातारी बाई आहे, तुझी आई आहे, तू नुकता मोकळा होऊन गेला आहेस. मग वाटलं, मी का राखू? या घरात राखण्याचं काम माझ्याकडंच का असावं? म्हणून लिहिलं.

सासूबाईंना हल्ली उठवत नाही. सकाळी मी त्यांचं तोंड धुते, भाकर कुस्करून भरवते, दुपारी पाय चेपते. पाय चेपताना माझ्या हातात किती जोर येतो, तो मीच आवरते. दर वेळी आवरेल असं मी लिहून देऊ शकत नाही. तू शिकवतोस त्या शाळेला सुटी लागली की ये आणि तुझ्या आईला अकोल्याला घेऊन जा.

गोजराबाई